रिबिल्ड केलेल्या 150 सीसी क्वाडला कंप्रेशन कमी. पुन्हा बोर मारायचा का?

प्रयागकाठ (चिखली, करवीर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडं चायनीज 150 सीसी क्वाड (चार चाकांची रानातली बाईक) आहे. जीवायसिक्स इंजिन, ऑटोमॅटिक, रिव्हर्स गिअरवाली. पन्हाळ्याकडं पर्यटकांना फिरवायला ठेवलेल्या गाड्या एकानं मोडीत काढल्या, त्यातली ही. आमचं रान नदीच्या बुडाला आहे. पावसाळ्यात तिथं ट्रॅक्टर घातला की चाकं रुतलीच म्हणून समजा. ही मात्र मागं छोटा गाडा लावून वैरणीचे भारे घेऊन वर येते. आमच्यासाठी हे कामाचं जनावर आहे.

2021 च्या पुरात माणसं आणि गुरं सोनतळीला हलवली, पण क्वाड शेडमध्येच राहिली. पाणी हँडलच्या वर गेलं होतं. नंतर ती तशीच कोपऱ्यात पडून राहिली, ती यंदा खोलली. पिस्टन ब्लॉकला धरून बसला होता आणि रिंगा खाचेत गंजून चिकटल्या होत्या. शहरात ब्लॉक 0.50 मिमी ओव्हरसाइज बोर करून (आतून कापून मोठा करून) घेतला, नवा पिस्टन-रिंग सेट घातला, पॅकिंग सगळी नवी टाकली. व्हॉल्व्ह जुनेच आहेत, पेस्ट लावून घासून दिलेत. टायमिंग चेन नवी आहे.

आता गाडी सकाळी चोकवर सुरू होते, पण जीव नाही. गाडा लावला की चढाला दम तोडते. गरम झाल्यावर बंद पडली तर सेल कितीही मारा, परत सुरू होत नाही. गार झाली की होते. धूर अजिबात नाही. कंप्रेशन गेज लावला तर 70 पीएसआय. प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा तेल टाकलं तर काटा 115 वर गेला. बोरिंगवाले म्हणतात तेलानं वाढलं म्हणजे रिंगा धरत नाहीत, ब्लॉक आणा, 0.75 करून देतो. एवढ्यातच परत ब्लॉक खरडायला माझं मन घेईना. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

शिरोली_टेम्पो

भावा, नवीन बांधलेलं इंजिन आहे, रिंगा अजून बसल्या नसतील. थोडं चालव, अंगाला येईल. आमच्या टेम्पोचं काम केलं तेव्हा सुरुवातीला असाच दम नव्हता, नंतर झकास झाला. उगाच खोलाखोली करू नकोस.

उद्यमनगर_लेथ

प्रयागकाठ, ब्लॉक घेऊन कुठंही जाऊ नका. आधी हे सगळं वाचा.

मी उद्यमनगरात बोरिंग आणि होनिंगच्या मशीनवर केस पांढरे केलेत. पाण्याच्या पंपाच्या डिझेल इंजिनांचे लायनर करत शिकलो, मग मोटारसायकली आल्या, आता असल्या चायनीज गाड्याही येतात. 0.50 वरून 0.75 ला जाणं म्हणजे त्या स्लीव्हचं (ब्लॉकच्या आतल्या नळीचं) आयुष्य कमी करणं, आणि एकदा कापलेला धातू परत भरता येत नाही. म्हणून बोर खराब आहे असं पक्कं सिद्ध झाल्याशिवाय मी स्वतः गिऱ्हाइकाचा ब्लॉक मशीनवर चढवत नाही. तुमच्या बाबतीत ते सिद्ध झालेलं नाही.

आधी तो 70 आकडा. तुमचा गेज कसा आहे? लांब रबरी नळी, टोकाला 10 मिमी आट्यांचा अडॅप्टर, आणि हवा अडवणारी बारकी व्हॉल्व्ह, ट्यूबच्या वॉल्व्हसारखी, ती गेजजवळ आहे की प्लगकडच्या टोकाला? गेजजवळ असेल तर नळीतली सगळी जागा तुमच्या इंजिनाच्या कोठीत मिळते. हिशोब बघा. इंजिन 150 सीसी, कंप्रेशन रेशो 9 ला 1 च्या आसपास. म्हणजे पिस्टन वर आल्यावर हेडमध्ये उरणारी कोठी 19 सीसीसुद्धा नाही. आता 40 सेंमी लांब आणि आतून 5 मिमी व्यासाची नळी धरा, तिच्यात जवळपास 8 सीसी जागा असते. ती कोठीत मिळवली की रेशो 9 वरून साडेसहावर आला. चारचाकीच्या इंजिनाला या 8 सीसीनं फारसा फरक पडत नाही, म्हणून गॅरेजमध्ये असले गेज वर्षानुवर्षं चालतात आणि कुणाला शंका येत नाही. तुमच्या इंजिनाला मात्र तेवढ्यानंच आकडा पार खाली येतो.

दुसरं, कार्बोरेटर. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल मारला असं तुम्ही म्हणाल. पण या इंजिनाला सहसा सीव्ही कार्बोरेटर असतो. त्यातली स्लाइड केबलवर उचलत नाही, हवेच्या ओढीवर उचलते. सेलवर इंजिन एवढं हळू फिरतं की स्लाइड खालीच बसून राहते, आणि सिलिंडरला पोटभर हवा मिळत नाही. टेस्ट करताना कार्बोरेटर सोडवून बाजूला करा. बॅटरीही ताजी हवी. सेल कण्हत फिरत असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

आता तेलाची गोष्ट, कारण त्यावरूनच तुमचा ब्लॉक कापायला निघालेत. चहाचा चमचा म्हणजे 5 सीसी. 19 सीसीच्या कोठीत 5 सीसी तेल बसलं की कोठी 14 च्या आत येते आणि रेशो 9 वरून जवळजवळ 12 वर जातो. रिंगा अगदी ठणठणीत असल्या तरी काटा वर जाणारच. तेलानं फट बुजवली की नुसती जागा खाल्ली, हे त्या 115 वरून कळत नाही. त्यातून जीवायसिक्सचा सिलिंडर जवळपास आडवा असतो. पंपाच्या उभ्या इंजिनात तेल टाकलं की ते पिस्टनवर पसरून रिंगांच्या चारी बाजूंना उतरतं, तिथं ही चाचणी खरी ठरते. आडव्या सिलिंडरमध्ये ते खालच्या बाजूला साचतं आणि वरची अर्धी रिंग कोरडीच राहते. करायचीच असेल तर सिरिंजनं 1 सीसी टाका, प्लग काढलेल्या अवस्थेत सेलचे दोन-चार फेरे मारून पसरू द्या, मग मोजा. तरी मी त्यावर फार भरवसा ठेवणार नाही.

आणि तुमच्या लिहिण्यातली मला सगळ्यात खटकलेली ओळ: गरम झाल्यावर सुरू होत नाही. रिंगांचा दोष सहसा गार इंजिनात जास्त जाणवतो. गरम झाल्यावर कंप्रेशन जात असेल तर माझी नजर आधी व्हॉल्व्हकडं जाते. टॅपेट घट्ट असेल, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली फट कमी असेल, तर दांडी तापून लांबते, उरलीसुरली फट संपते आणि व्हॉल्व्ह सीटवर (हेडमधल्या त्याच्या बैठकीवर) पुरता टेकतच नाही. व्हॉल्व्ह घासून दिलेत म्हणता. घासल्यावर व्हॉल्व्ह सीटमध्ये किंचित खोल जातो, दांडीचं टोक तेवढंच वर येतं आणि फट कमी होते. नंतर टॅपेट परत लावले होते का?

शिरोलीकरांना एक सांगतो, राग मानू नका. रिंगा बसायला इंजिन चालवावं लागतं हे खरं, आणि तेही नुसत्या आयडलवर ठेवून जमत नाही, थोडा लोड द्यावा लागतो. पण गळती रिंगांतून असेल तरच हा उपाय. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत असेल आणि तसंच चालवलं तर जळता वायू त्याच फटीतून सुसाट बाहेर पडतो आणि व्हॉल्व्हची कड जाळून टाकतो. आज जे काम सीट कापून भागेल त्याला उद्या अख्खं हेड लागेल.

गोकुळ_शिरगाव_क्यूसी

काकांनी मुद्द्याचं सांगितलंय. मी कारखान्यात मोजमापाचं काम करतो, माझ्याकडून थोडी भर.

इंजिन न खोलता टायमिंग बघून घ्या. फ्लायव्हीलवरची टी खूण केसच्या खुणेसमोर आणा. कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) स्प्रॉकेटवर एक मोठं आणि दोन लहान भोकं असतात. मोठं भोक क्रँकच्या उलट दिशेला, बाहेर तोंड करून हवं, आणि दोन लहान भोकं हेडच्या कडेशी समांतर. तेव्हा दोन्ही रॉकर हातानं किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर एक फेरा पुढं फिरवून परत बघा. चेन नवी घातलीय, एक दात इकडचा तिकडं झाला तर क्रँकच्या हिशोबानं वीस अंशांहून जास्त फरक पडतो. इनटेक उशिरा बंद झाला की आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो आणि कंप्रेशन सरळ पडतं. इंजिन मात्र सुरू होतं, त्यामुळं शंका येत नाही.

काही मोठ्या सिंगल सिलिंडर क्वाडच्या कॅमवर डीकॉम्प्रेसर असतो. सेल मारताना तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उघडा धरतो, म्हणून त्यांचं गेजवरचं रीडिंग मुळातच कमी येतं. तुमच्या कॅमवर तसली वजनाची कळ आहे का तेवढं बघा, नाहीतर दुसऱ्या गाडीच्या आकड्याशी तुलना करून फसाल.

आणि ब्लॉक उतरवायचीच वेळ आली तर बोर गेज नसला तरी चालेल, फिलर गेज पुरतो. वरची रिंग एकटी बोरमध्ये घाला, पिस्टननं ढकलून सरळ करा, तोंडांमधली फट मोजा. वर, मध्ये, खाली, तिन्ही ठिकाणी. ढोबळ नियम म्हणजे बोरच्या दर 25 मिमीला 0.1 मिमी फट, म्हणजे तुमच्या जवळपास 58 मिमी बोरला 0.23 च्या आसपास. वर 0.25 आणि खाली 0.40 आली तर फरक 0.15, त्याला 3.14 नं भागा: बोर खाली 0.05 मिमी मोठा आहे. एवढा टेपर (वर-खाली मापातला फरक) ताज्या बोरला चालत नाही, आणि तसं निघालं तर बोरिंगवाल्यांसमोर आकडे ठेवून बोलता येईल. बोर अंडाकृती झाला असेल तर मात्र ही युक्ती पकडत नाही. मग रिंग आत असताना मागून बॅटरीचा उजेड मारा, कुठं फट दिसते ते बघा. रिंगेवरचं अक्षर वरच्या बाजूला आहे का आणि पिस्टनवरची आयएन खूण इनटेककडं आहे का, तेही तपासा.

प्रयागकाठ (चिखली, करवीर)

खूप आभार. सांगितल्याप्रमाणे एकेक करत गेलो.

गेजची बारकी व्हॉल्व्ह खरंच गेजजवळच निघाली. ओळखीच्या एका मोटारसायकल मेकॅनिककडून प्लगच्या टोकाला व्हॉल्व्ह असलेला गेज आणला, कार्बोरेटर सोडवला, ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. आकडा 105 आला. म्हणजे 70 चूक होता, पण 105 सुद्धा चांगला नाही ना? टायमिंगच्या खुणा बरोबर आहेत. डीकॉम्प्रेसर दिसत नाही. टॅपेट इनटेकचा 0.08 होता, एक्झॉस्टमध्ये 0.05 चं पातं कसंबसं गेलं. दोन्ही 0.10 केले. गरम असताना आता पहिल्यापेक्षा बरी सुरू होते, पण चढाचा दम तसाच. पुढं काय करू?

उद्यमनगर_लेथ

105 कमीच आहे. या इंजिनाकडून मी 140 ते 160 ची अपेक्षा ठेवतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, हवा थोडी विरळ, त्यामुळं इथं आकडा पाच-सहा टक्के कमीच धरायचा. तरी 105 त्यात बसत नाही. टॅपेटनं थोडा फरक पडला, यावरून वाट व्हॉल्व्हकडंच जाते असं मला वाटतं. पण वाटण्यावर काम करायचं नाही. आता हवा भरून ऐकायचं.

एक जुना 10 मिमीचा प्लग घ्या, आतली चिनी माती फोडून काढा, उरलेल्या लोखंडी भागाला वर हवेचा निपल ब्रेझिंग करून घ्या. कुठलाही वेल्डर करून देईल. पिस्टन कंप्रेशनच्या टॉपला आणा, दोन्ही रॉकर ढिले आहेत याची खात्री करा. कार्बोरेटर, सायलेन्सर आणि तेलाची डिपस्टिक काढून ठेवा. मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा 30-40 पीएसआयवर हळूहळू सोडा. सांभाळून करा: पिस्टन टॉपपासून केसभर जरी इकडं-तिकडं असला तरी हवेनं क्रँक झटक्यात फिरतो. फ्लायव्हीलच्या नटावर लांब पाना लावून दुसऱ्या माणसाला घट्ट धरायला सांगा आणि बोटं पंख्यापासून लांब ठेवा.

मग कान लावा. इनटेकच्या तोंडातून सुसकारा आला तर इनटेक व्हॉल्व्ह. एक्झॉस्टच्या तोंडातून आला तर एक्झॉस्ट. डिपस्टिकच्या भोकातून आला तर रिंगा किंवा बोर. तिथून थोडा आवाज चांगल्या इंजिनातही येतो, रिंगेच्या तोंडातून हवा जातेच, त्याला घाबरू नका. हेड आणि ब्लॉकच्या जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर पॅकिंग. ही चाचणी मला फार प्रिय आहे, कारण यात अंदाज उरत नाही, हवा जिथून जाते तिथूनच आवाज येतो.

प्रयागकाठ (चिखली, करवीर)

काका, एक्झॉस्ट! हवा सोडली आणि एक्झॉस्टच्या तोंडापाशी तळहात धरला तर चक्क वारा लागत होता. इनटेक गप्प. डिपस्टिकच्या भोकातून अगदी बारीक आवाज, कान टेकवला तरच ऐकू येईल असा. जोडावर बुडबुडे नाहीत.

तेवढ्यावर हेड उतरवलं. हेड हातात धरून एक्झॉस्टच्या पोर्टमध्ये रॉकेल ओतलं, तर व्हॉल्व्हच्या एका बाजूनं लगेच ओल फुटली आणि थेंब धरला. इनटेकमध्ये ओतलं तर बराच वेळ कोरडं. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढून उन्हात नेऊन पाहिला. कडेला घासल्याचा राखाडी पट्टा आहे, पण तो सगळीकडं सारखा नाही. एका बाजूला चांगला रुंद आहे, आणि तिथंच तांदळाच्या कणीएवढे काळे खड्डे, एकाला एक लागून. सीटवरही त्याच जागी तसेच खड्डे. नखाला लागतात.

उद्यमनगर_लेथ

सापडलं. ते खड्डे पुराच्या पाण्याचे आहेत. इंजिन बंद पडतं तेव्हा पिस्टन कुठंही थांबतो. तुमचा थांबला तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असणार, पाणी सायलेन्सरमधून वर चढलं आणि व्हॉल्व्ह-सीटवरून सिलिंडरमध्ये गेलं. नुसतं पाणी नव्हे, पुराचा गाळ. तो त्या कडेवर बसून राहिला आणि धातू खात गेला.

पेस्ट लावून घासणं हे शेवटचा हात फिरवण्याचं काम आहे. नखाला लागणारा खड्डा घासून जात नाही. घासत राहिलं तर फक्त पट्टा रुंद होतो, आणि रुंद पट्ट्यावर दाब विभागला जातो, कचरा अडकतो, व्हॉल्व्ह नीट बसत नाही. आता नवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घ्या. महाग नाही, जुन्याच्या नादी लागू नका. नवी दांडी गाइडमध्ये घालून आधी हलवून बघा. गाइड ढिला असेल तर तो बदलल्याशिवाय सीट कापून उपयोग नाही, कारण कटर गाइडच्या आधारानंच चालतो. मग सीट 45 अंशांच्या कटरनं खड्डे जाईपर्यंत कापायची, आणि वरून-खालून दुसऱ्या कोनांचे कटर फिरवून पट्टा 1 मिमीच्या आसपास आणायचा. शेवटी बारीक पेस्टचा हलका हात. पट्ट्यावर मार्करची शाई लावून व्हॉल्व्ह एकदा टेकवून उचला, शाईचा ठसा चारी बाजूंनी सारखा उमटला पाहिजे. पेस्टचा कणही आत राहू देऊ नका, तो बोरमध्ये गेला की नव्या रिंगा गेल्या.

ब्लॉक जागेवरून हलवू नका. हेड आणि ब्लॉक एकाच चार स्टडवर असतात, हेड निघालं की ब्लॉक सैल होतो. तो उचलला गेला तर खालचं पॅकिंगही बदलावं लागेल. हेडचं पॅकिंग नवं टाका, नट आडवे-तिडवे दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्यानं कसा. सगळं झाल्यावर टॅपेट परत 0.10 ला, इंजिन गार असताना. सीट कापल्यावर फट बदललेली असणारच.

बोरिंगवाल्यांशी भांडू नका. डिपस्टिकमधून बारीक आवाज येतोय म्हणजे त्यांचा बोर चांगला आहे.

प्रयागकाठ (चिखली, करवीर)

काम झालं. गाइड ठीक निघाला, सीट कापली, नवा व्हॉल्व्ह टाकला. त्याच गेजवर आता 148. कालपासून गाडा लावून नदीच्या रानातून वैरण काढतोय, मधे बंद करून परत सुरू करतोय, लगेच उठते. आई म्हणाली, आता भारे डोक्यावरून आणायला नकोत.

एकच राहिलं. पाऊस जवळ आलाय. परत पाणी आलं आणि गाडी हलवता आली नाही तर?

उद्यमनगर_लेथ

148 म्हणजे उत्तम. पहिलं तेल लवकर बदला, त्यात होनिंगची बारीक पूड येते. सायलेन्सर आतून गंजलेला असेल तर ठोकून पापुद्रे काढून घ्या.

पावसाचं म्हणाल तर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी झाल्याची बातमी आली की गाडी सोनतळीला न्या. 43 फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका, तोवर तुमचा रस्ता राहील की नाही सांगता येत नाही. आणि अगदीच नेता आली नाही तर एवढं करा: पिस्टन कंप्रेशनच्या टॉपला आणून ठेवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. प्लगमधून थोडं तेल टाकून प्लग घट्ट बसवा. सायलेन्सरचं तोंड, एअर फिल्टरचं तोंड आणि ब्रीदरची नळी प्लॅस्टिक आणि रबरी पट्टीनं बांधा. बॅटरी काढून घरी न्या. पाणी ओसरल्यावर आधी सेल मारू नका. प्लग काढा, इंजिनाचं आणि गिअरचं तेल खाली सोडून त्यात पाणी आहे का बघा, कार्बोरेटर आणि व्हेरिएटरचं (बेल्ट-पुलीचं) झाकण उघडून गाळ धुवा, मगच नव्या तेलावर हातानं फिरवा. आणि हे त्याच आठवड्यात करा. पाण्यानं जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त नंतर तसंच पडून राहिल्यानं होतं.

शिरोली_टेम्पो

काका, आमचा टेम्पोही गरम झाला की सेलला दमतो. डिझेल आहे. टॅपेट बघून उद्या वेगळा प्रश्न टाकतो.